आलिशान गाडीची घरच्या घरी निगा: कोणते काम कधी, कशाने आणि कोणत्या क्रमाने

गडद रंगाच्या गाडीच्या बोनेटवर अंधारात मोबाइलचा टॉर्च धरला, की प्रकाशाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक, गोलाकार रेषा उमटतात. प्रत्यक्षात त्या गोल नसतात. सगळ्या दिशांनी गेलेल्या असंख्य चऱ्यांपैकी प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात. यांतले बहुतेक चरे रस्त्यावर नव्हे, तर गाडी पुसताना आणि धुताना पडलेले असतात. गाडी जितकी लाडाची, तितके तिच्यावरून फडके जास्त वेळा फिरते.

रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. धुळीतले वाळूचे कण या थरापेक्षा कितीतरी कठीण असतात. त्यामुळे पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा आधार एकच आहे: स्पर्श न करता जे निघते ते आधी काढावे आणि उरलेल्यालाच हात लावावा. कोरड्या धुळीवरून फडके किंवा पिसांचा झाडू फिरवणे या एका सवयीने होणारे नुकसान महागातला महाग शाम्पू भरून काढू शकत नाही.

## टप्पा १: जागा, साहित्य आणि गाडीची तयारी

गाडी सावलीत उभी करावी आणि बोनेटवर हाताची मागची बाजू टेकवून पाहावी. पत्रा कोमट लागला तरी थांबावे. गरम पत्र्यावर शाम्पू वाळतो, पाण्यातले क्षार जागच्या जागी बसतात आणि मग तेच डाग घासून काढण्यात नवे चरे पडतात. लांबच्या प्रवासाहून आल्या आल्या गाडी धुवायला घेऊ नये. ब्रेकच्या तापलेल्या चकत्यांवर थंड पाणी पडणेही चांगले नव्हे.

साहित्य फार लागत नाही, पण जे लागते त्यात तडजोड करू नये. दोन मोठ्या बादल्या आणि त्यांच्या तळाशी बसणाऱ्या जाळ्या, चाकांसाठी तिसरी वेगळी बादली, उदासीन पीएच असलेला गाड्यांचा शाम्पू, मायक्रोफायबरचे किंवा लोकरीचे दोन हातमोजे, पाणी शोषणारा मोठा जाड टॉवेल आणि मऊ मायक्रोफायबर फडक्यांचा एक गठ्ठा एवढे पुरे. भांडी घासण्याचा साबण वापरू नये, कारण तो मळाबरोबर मेणाचा थरही उतरवतो. स्पंजही टाळावा, त्याच्या सपाट पृष्ठभागात खडा अडकला, की तो रंगावरच फिरत राहतो, तर हातमोज्याच्या लांब धाग्यांत तो आत ओढला जातो.

फडक्यांचे लेबल आधीच काढून टाकावे. रंगाची, चाकांची आणि आतील भागाची फडकी वेगवेगळ्या रंगांची ठेवली, तर घोळ होत नाही. ती धुताना सुती कपड्यांत मिसळू नयेत आणि फॅब्रिक सॉफ्टनर तर अजिबात वापरू नये, कारण त्याने धाग्यांवर थर बसून शोषणशक्ती जाते.

> इशारा: जमिनीवर पडलेले फडके किंवा हातमोजा त्या दिवशी रंगाला परत लावू नये. झटकल्याने खडे जात नाहीत.

आता गाडीकडे वळावे. पाऊस ओळखून आपोआप चालणारे वायपर बंद करावेत, नाहीतर ते धुळीसकट काचेवर फिरतात. किल्ली जवळ असताना हँडलला पाणी लागून दारांचे लॉक उघडमिट होणारी, किंवा बंपरखालच्या सेन्सरवर पाण्याची धार पडून डिकी आपोआप उघडणारी गाडी असेल, तर किल्ली घरात लांब ठेवावी. काही गाड्यांच्या पडद्यावर धुण्यासाठी वेगळी सेटिंग असते आणि ती हे सगळे एकदम बंद करते. वाहनासोबतची पुस्तिका उघडण्याचे हे चांगले निमित्त आहे. शेवटी रंग मॅट आहे की चकचकीत, याची खात्री करावी. मॅट रंगावर पॉलिश, चकाकी देणारे मेण आणि क्ले बार (रुतलेला मळ ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी) यांतले काहीही चालत नाही, कारण घासलेली जागा कायमची तुळतुळीत होते आणि तो डाग नव्याने रंगवूनच जातो.

## टप्पा २: आधी चाके

चाकांवर गाडीतला सर्वांत कठीण मळ असतो, म्हणून ती सगळ्यात आधी धुवावीत. शेवटी धुतली, तर काळे शिंतोडे स्वच्छ झालेल्या दारांवर उडतात, आणि चाके घासण्यात वेळ जाईपर्यंत बाकीची गाडी ओली राहून डागाळते.

एका वेळी एकच चाक घ्यावे. पाण्याने मोकळा मळ उतरवावा, मग शाम्पूचे पाणी आणि मऊ ब्रश यांनी आरे, त्यांच्या मागची बाजू आणि नटांच्या खोबणी साफ कराव्यात. ब्रेकच्या भुकटीतले लोखंडाचे कण तापून रिमच्या थरात रुततात आणि ते साध्या शाम्पूने निघत नाहीत. त्यासाठी लोह विरघळवणारे द्रावण मिळते. कणांशी संयोग होताच ते जांभळे होते आणि उग्र वास येतो. हातात रबरी मोजे घालून ते फवारावे, बाटलीवर दिलेली मिनिटे मोजावीत आणि वाळण्याआधी भरपूर पाण्याने धुऊन टाकावे. आम्लयुक्त व्हील क्लीनरपासून लांब राहावे. पॉलिश केलेल्या उघड्या धातूची किंवा मॅट रिम असेल, अथवा ब्रेकच्या चकत्या कार्बन-सिरॅमिकच्या असतील, तर सौम्य शाम्पू आणि पाणी यांपलीकडे काहीही वापरण्याआधी पुस्तिकेतली सूचना वाचावी.

> तपासणी: चाकांची बादली, ब्रश आणि फडकी बाजूला ठेवली का? ती पुढच्या टप्प्यात चुकूनही हाताशी असू नयेत.

## टप्पा ३: स्पर्शाविना मळ उतरवणे

नेमका हाच टप्पा सर्वांत जास्त वगळला जातो, आणि माझ्या मते घरी गाडी धुण्याचे निम्मे यश येथेच ठरते.

प्रथम पूर्ण गाडीवर वरून खाली पाणी सोडावे. प्रेशर वॉशर असेल, तर पंख्यासारखी रुंद धार देणारे नोझल लावून ते पत्र्यापासून किमान ३० सेंटिमीटर लांब धरावे. एकाच रेषेत पडणारी धार रंगाचा उडालेला टवका आणखी सोलते आणि रंगावर चिकटवलेल्या संरक्षक फिल्मची कडा उचलते. दारांची रबरे, कॅमेरे, पार्किंग सेन्सर, टायरच्या बाजू आणि कापडी छत यांवर धार थेट रोखू नये.

मग शाम्पूचा फोम मारावा. तो खालून वर मारला, तर सर्वांत मळक्या भागावर तो अधिक वेळ राहतो. सुमारे ५ मिनिटे थांबले, की फोमबरोबर धुळीचे ओघळ खाली उतरताना दिसतात. दारांच्या खालच्या भागावरून गळणारे ते मातकट पाणी पाहिले, की हे सगळे हातमोज्याखाली घासले गेले असते, हे वेगळे सांगावे लागत नाही. फोम वाळू लागण्याच्या आत वरून खाली धुवावा. प्रेशर वॉशर नसेल, तर हाताने दाबायच्या फवारणी पंपाने शाम्पूचे पाणी मारून नळीच्या धारेने धुतले तरी चालते. वेळ जास्त लागतो इतकेच.

## टप्पा ४: दोन बादल्यांनी धुणे

एका बादलीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे पाणी. हातमोजा शाम्पूत बुडवावा, एक भाग धुवावा, साध्या पाण्याच्या बादलीत तळाच्या जाळीवर घासून खळबळावा, पिळावा आणि मगच पुन्हा शाम्पूत घालावा. शाम्पूची बादली शेवटपर्यंत स्वच्छ राहिली, तर क्रम बरोबर चालला आहे असे समजावे; तिच्या तळाशी गाळ दिसला, तर पाणी बदलावे.

धुण्याचा क्रम टप, काचा, बोनेट, डिकीचे झाकण, दारांचा वरचा भाग, पुढचा बंपर, आणि सर्वांत शेवटी दारांचा खालचा भाग, पायरीखालची पट्टी व मागचा बंपर असा ठेवावा. शेवटच्या भागांसाठी दुसरा हातमोजा घ्यावा. हात हलका आणि सरळ रेषेत चालवावा. गोल गोल फिरवण्याची सवय सुटता सुटत नाही, पण खडा अडकलाच तर सरळ हाताने एकच रेघ पडते. गोल फिरणारा हात तोच खडा त्याच जागी पुन्हा पुन्हा ओढतो. जोर तर लावूच नये. हातमोज्याच्या वजनाने जे निघत नाही, त्याचा उपाय दाबात नसून टप्पा ६ मध्ये आहे.

## टप्पा ५: कोरडी करणे

पाणी आपोआप वाळू देणे ही दुसरी मोठी चूक. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार थेंबाच्या कडेने पांढरे कडे करून बसतात, आणि उन्हात राहिले तर क्लिअर कोटमध्ये खोल उतरतात. ताजे कडे शाम्पूने न निघाल्यास पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकेच पाणी मिसळून ओले फडके क्षणभर टेकवावे आणि लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

शेवटचे पाणी धार न मारता नळीचे तोंड उघडे ठेवून संथ वाहू दिले, तर पाण्याची चादर सरकत जाते आणि थेंब कमी उरतात. मग मोठा टॉवेल पसरून ठेवावा आणि कडेने हलकेच ओढावा, किंवा नुसता टिपत जावा. आरशांच्या फटी, हँडलमागची जागा, पुढची जाळी, अक्षरांच्या कडा आणि चाकांचे नट येथे पाणी लपून राहते. हवेच्या ब्लोअरने ते बाहेर काढले नाही, तर दहा मिनिटांनी स्वच्छ दारावर ओघळ येतो. दारे आणि डिकी उघडून चौकटीही पुसाव्यात.

> इशारा: धुतलेली गाडी तशीच बंद करून ठेवू नये. थोडे अंतर चालवून हळू वेगात काही वेळा ब्रेक दाबावा. ओल्या चकत्यांवर काही तासांत गंज धरतो आणि पार्किंग ब्रेक ओढलेला असल्यास पॅड चकत्यांना चिकटू शकतात.

## मध्येच उद्भवणारे: पक्ष्यांची विष्ठा, चीक आणि किडे

हे धुण्याच्या दिवसापर्यंत थांबत नाही. विष्ठेतले आम्ल आणि उन्हाने तापलेला रंग एकत्र आले, की काही तासांतही खड्डेवजा डाग पडू शकतो. डिकीत पाण्याची छोटी बाटली आणि दोन स्वच्छ फडकी कायम असावीत. फडके चिंब भिजवून डागावर ५ ते १० मिनिटे नुसते ठेवावे आणि मग घासण्याऐवजी उचलून घ्यावे. विष्ठेत कठीण कण आणि बिया असतात, त्यामुळे नखाने खरवडणे किंवा कागदी रुमालाने पुसणे म्हणजे डागाच्या जागी ओरखडा घेणे. झाडाचा चीक आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ होतो. नंतर ती जागा धुऊन तिथे संरक्षक थर पुन्हा लावावा.

## टप्पा ६: चिकटलेला मळ, वर्षातून एक-दोनदा

धुऊन कोरड्या केलेल्या बोनेटवर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोटे फिरवावीत. खरखर लागली, तर लोखंडाचे कण, डांबराचे ठिपके किंवा चीक रुतलेला आहे. आधी रसायन, मग घर्षण, हा क्रम येथेही पाळावा: प्रथम लोह विरघळवणारे द्रावण, मग डांबरासाठीचे द्रावण, पुन्हा धुणे आणि तरीही खरखर उरली तरच क्ले बार.

क्लेचा तुकडा चपटा करावा, पृष्ठभागावर क्लेसाठीच्या वंगणाचा फवारा सढळ हाताने मारावा आणि लहान भागावर सरळ रेषेत अलगद फिरवावे. खरखर थांबली, की तेथे थांबावे. क्ले वरचेवर मळून स्वच्छ बाजू वर आणावी. तो जमिनीवर पडला, तर कितीही नवा असला तरी फेकून द्यावा. क्लेने मेणाचा थर निघतो आणि अगदी बारीक चरेही पडू शकतात, त्यामुळे गाडी दर महिन्याला क्ले करणाऱ्यांचा उत्साह समजतो, पण त्याचे समर्थन करता येत नाही.

## टप्पा ७: पॉलिश करावे का?

पॉलिश म्हणजे चरे भरणे नव्हे, तर त्यांच्या भोवतीचा क्लिअर कोट झिजवून पृष्ठभाग समतल करणे. गेलेला थर परत येत नाही, म्हणून पॉलिश गाडीच्या आयुष्यात मोजक्या वेळा करायचे काम आहे. घरी करायचेच असेल, तर ड्युअल-अ‍ॅक्शन मशीन (पॅड फिरवता फिरवता हलवतही राहणारे) घ्यावे, सर्वांत मऊ पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिशने हातभर जागेवर चाचणी घ्यावी आणि निकाल पुरेसा वाटला तर तिथेच थांबावे. पॅनेलच्या कडा आणि उंचवटे यांवर रंग पातळ असतो. तेथे चिकटपट्टी लावून ते झाकावेत. गाडी आधी कुणी पॉलिश केली आहे का हे माहीत नसल्यास रंगाची जाडी मोजल्याशिवाय मशीन लावू नये. नखाला अडकणारा ओरखडा घरच्या पॉलिशने घालवण्याचा प्रयत्न सोडून द्यावा.

## टप्पा ८: संरक्षक थर

येथे पर्यायांपेक्षा गैरसमज जास्त आहेत. कारनौबा हे झाडापासून मिळणारे मेण रंगाला सुरेख गहिरेपणा देते, पण काही आठवडे ते दोन-तीन महिनेच टिकते. कृत्रिम सीलंट त्याहून जास्त, साधारण सहा महिन्यांपर्यंत. सिरॅमिक कोटिंग नीट लावले आणि नीट सांभाळले, तर काही वर्षे टिकते. त्याच्यावर मळ कमी चिकटतो आणि धुणे सोपे होते. मात्र त्याच्या जाहिरातीतला ‘९एच’ हा आकडा पेन्सिलच्या कठिणतेच्या चाचणीतला आहे. कोटिंग दगडाचा टवका अडवत नाही आणि चुकीच्या धुण्याचे चरेही पूर्ण थांबवत नाही. दगड अडवते ती पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म, जिची जाडी सामान्यतः १५० ते २०० मायक्रॉन असते. ती बंपर, बोनेट, आरसे आणि चाकांमागचा भाग येथे सर्वाधिक उपयोगी पडते, परंतु ती बसवणे घरचे काम नाही. दोन्ही हवे असेल, तर आधी फिल्म आणि तिच्यावर कोटिंग.

मेण किंवा सीलंट घरी लावताना लोक प्रमाणात चुकतात. जाड लेप जास्त टिकत नाही. तो फक्त पुसायला अवघड जातो. सिरॅमिक कोटिंगची बात अधिक नाजूक आहे. पृष्ठभागावर पॉलिशचे तेल राहिले, तर कोटिंग धरत नाही, म्हणून आधी पॅनेल वाइपने (तेल काढणाऱ्या द्रावणाने) पृष्ठभाग पुसावा. बंदिस्त, धूळविरहित आणि सावलीच्या जागेत एका वेळी छोटा भाग घ्यावा, लेप इंद्रधनुषी झाक दाखवू लागला की तो पुसून समतल करावा आणि आडव्या प्रकाशात पाहावे. सुटलेला जाड पट्टा त्याच वेळी दिसला तर फडक्याने निघतो. वाळून घट्ट झाला, की पॉलिश करूनच काढावा लागतो. लावल्यावर उत्पादकाने सांगितलेली मुदत, साधारणपणे आठवडाभर, गाडी धुऊ नये.

## टप्पा ९: आतील भाग

आधी व्हॅक्यूम, मग ओले काम. उलट केले तर धुळीचा चिखल होतो. आजच्या बहुतेक गाड्यांच्या लेदरवर रंगाचा आणि पॉलियुरेथेनचा थर असतो, त्यामुळे घरातले तेल चोळून ‘चामड्याला पोषण’ देण्याने ते आत मुरत नाही, वर चिकट थर मात्र राहतो आणि त्यावर धूळ बसते. लेदर क्लीनर मऊ ब्रशवर घ्यावा, फेस करून हलके घासावे आणि ओलसर फडक्याने उचलावा. छिद्रे असलेल्या, हवा खेळणाऱ्या आसनांवर थेट फवारा मारू नये. पाणी पंख्यापर्यंत जाते. स्टिअरिंगचे लेदर चकाकू लागले असेल, तर ती चकाकी हाताच्या तेलाची आहे; स्वच्छ लेदर बहुधा मंदच दिसते. अल्कांटारा हे लेदर नव्हे, तर पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेनचे कापड आहे. त्याला क्रीम लावू नये. मऊ ब्रश आणि पिळलेले ओलसर फडके पुरते.

डॅशबोर्डवरचे डिजिटल पडदे बंद करून आधी कोरड्या, मग किंचित ओलसर मायक्रोफायबरने टिपावेत. अमोनिया असलेले काच-क्लीनर पडद्यावरचा थर आणि काचेची टिंट फिल्म या दोहोंना घातक आहेत. चकचकीत काळ्या पट्ट्यांवर तर कोरडे फडके फिरवूच नये. आतल्या भागात सर्वांत आधी चरे तिथेच पडतात.

सनरूफ असेल, तर एक काम जास्तीचे आहे आणि ते विसरले जाते. छत उघडून पन्हळीतली पाने वेचावीत, मग प्रत्येक कोपऱ्यातल्या भोकात अर्धी वाटी पाणी हळूच ओतावे. ते गाडीखाली गळताना दिसले पाहिजे. दिसले नाही, तर नळी तुंबली आहे आणि पुढच्या पावसाचे पाणी छताच्या कापडात किंवा गालिच्याखाली जाईल. अनेक आलिशान गाड्यांत तेथेच वायरिंग आणि नियंत्रणपेट्या असतात. कॉम्प्रेसरची हवा मारू नये, नळी सांध्यातून सुटू शकते. तुंबलेली नळी मोकळी करण्याचे काम जाणकाराकडे द्यावे. वायपरखालच्या खोबणीतली पानेही त्याच वेळी काढावीत. इंजिनाच्या कप्प्यात प्रेशर वॉशर नेऊ नये, आणि हायब्रिड किंवा विजेच्या गाडीत उच्च व्होल्टेजच्या नारिंगी केबलना हातही लावू नये.

## टप्पा १०: बराच काळ उभी ठेवायची असेल तर

गाडी धुऊन पूर्ण कोरडी करावी, टायरमधला दाब थोडा वाढवावा, पण टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल मर्यादेच्या आत. सपाट जागेवर चाकांना ठोकळे लावून, पुस्तिका परवानगी देत असल्यास पार्किंग ब्रेक सोडून ठेवावा. १२ व्होल्टच्या बॅटरीला तिच्या प्रकाराशी जुळणारा, आपोआप नियंत्रित होणारा बॅटरी मेंटेनर (बॅटरी भरलेली ठेवणारा चार्जर) लावावा, कारण बंद गाडीतही अलार्म आणि संगणक वीज घेतच राहतात. आठवड्यातून एकदा पाच मिनिटे इंजिन चालू करण्याची पद्धत उपयोगापेक्षा अपाय करते: इंजिन पुरते तापत नाही, एक्झॉस्टमध्ये आणि तेलात ओल साचते आणि बॅटरीतून गेलेली वीजही भरून येत नाही.

आवरण हवा खेळू देणारे आणि आतून मऊ असावे. धुळीच्या किंवा ओल्या गाडीवर ते घालू नये. उघड्यावर वाऱ्याने फडफडणारे आवरण सगळीकडे एकाच वेळी रंग घासते, तेव्हा ते घट्ट बांधता येत नसेल तर नसलेले बरे. काढताना दोन्ही बाजू टपावर आणून आतल्या आत दुमडाव्यात, म्हणजे बाहेरची धूळ आतल्या अस्तराला लागत नाही.

पुन्हा गाडी काढण्याआधी बोनेट उघडून उंदरांचे घरटे किंवा कुरतडलेली वायर आहे का ते पाहावे, गाडीखाली गळती पाहावी, टायरचा दाब नेहमीच्या आकड्यावर आणावा आणि पहिले काही मीटर ब्रेक तपासत हळू जावे.